एकाहत्तर आमेन

"खरं सांगणं पाप कधीपासून झालं, बाई?"

राहेलबाई ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी सलाम तरी घाल," त्या म्हणाल्या.

"सलाम."

"सलाम. बस."

गिदोन बसला नाही. एका हातात शास्त्र म्हणजे बायबल, दुसऱ्या हातात फोन, तसाच पायरीपाशी उभा राहिला. चैत्राचं ऊन पाठ भाजत होतं, पण सावलीत सरकावं हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

निंबळगावच्या मिशनच्या आवारात आता दोनच चुली पेटत. एक राहेलबाईंची, एक गिदोनची. बाकीच्या खोल्यांना कुलपं. मडमांच्या बंगल्यात तर केव्हापासून वटवाघळं नांदत होती. रविवारी देवळाची घंटा वाजे, मंडळी गावातून येत, उपासना करून परत जात. मग पुढल्या रविवारपर्यंत कडुलिंबाचा पाला गळेल तेवढाच आवाज.

बाई शहाऐंशीच्या. चाळीस वर्षं बायबलबाई म्हणून पायपीट केलेली. खांद्याला झोळी, झोळीत शास्त्र, आणि गावोगाव बायकांत बसून वचन सांगायचं. आता डोळ्यांपुढं नुसता धूर. माणूस त्या पावलावरून ओळखत.

गिदोन बासष्टचा. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गावाला तो पारधे मास्तर, पण बाईंच्या रविवारच्या शाळेत तो नाक पुसायचं वय नव्हतं तेव्हापासून बसलेला. त्यांच्यापुढं तो गिदोनच.

चार वर्षांमागं त्याची बायको वारली आणि तेव्हापासून त्याला एक काम लागलं होतं. मंडळीतलं कोण फेसबुकवर काय टाकतं ते पाहायचं आणि खाली वचनाचा संदर्भ लिहायचा. पुस्तक, अध्याय, ओवी. बस, एवढंच. ज्याला लागेल तो उघडून पाहील.

गायनमंडळातल्या पोरीनं ओठ रंगवले, वचन. उपासाच्या चाळीस दिवसांत कुणी केक कापला, वचन. देवळाचे नवे पाळक भाचीच्या लग्नात दोन पावलं नाचले, त्यांना तीन, एकाखाली एक.

लोक खाली 'आमेन' लिहीत. दारात मात्र कुणी येत नसे. नाताळात गाणी म्हणत फिरणारी मंडळी त्याच्या फाटकापाशी एक कडवं म्हणत आणि पुढं सरकत. बायको होती तेव्हा तीच मंडळी अंगणात बसून करंज्या खाऊन, दोनदा चहा पिऊन जात.

"कुणाला खरं सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"ते राहू द्या. तुम्ही लुदियाला फोन करा. तुमचा उचलेल ती."

"तुझा?"

"माझा... लागत नाही."

"का?"

"ब्लॉक केलंय."

"मला समजेल असं बोल, गिदोन."

"दार लावलंय म्हणा. फोनचंही, फेसबुकचंही."

बाईंनी एक चिंच फोडली. चिंचोका अंगठ्यानं बाहेर काढला.

"बरं. केला फोन. काय सांगू तिला?"

"म्हणावं, बापाची माफी माग. तिनं मागितली की मी जातो. बाळाला बघून येतो."

अंगठा थांबला.

"बाळ झालं?"

"दीड महिना झाला."

"अन् मला आज सांगतोस. काय झालं, मुलगा की मुलगी?"

गिदोननं फोन या हातातून त्या हातात घेतला.

"गिदोन..."

"मला ठाऊक नाही."

त्याला ती बातमी देवळाच्या पायरीवर कळली होती. घंटा वाजवणाऱ्या दाविदाची बायको म्हणाली, "आजोबा झालात की, मास्तर." तो म्हणाला, "होय तर." हसलासुद्धा. पुढं काय विचारणार? आजोबालाच ठाऊक नाही म्हटल्यावर तिनं चार घरी सांगितलं असतं. मग घरापर्यंत तो चालत आला आणि कुलूप उघडायला त्याला बराच वेळ लागला.

लुदिया त्याची एकुलती एक. संगमनेरला दवाखान्यात नर्स. दोन वर्षांमागं तिनं समाधान नावाच्या मुलाशी कचेरीत सही करून लग्न केलं. मुलगा वायरिंगची कामं करी, हिंदू घरातला. लग्नाआधी एकदा तो गिदोनकडं येऊन अर्धा तास बसला होता. उठताना वाकला, तेव्हा गिदोननं पाय खुर्चीखाली घेतले.

"माफी कशाबद्दल मागायची तिनं?" बाई म्हणाल्या.

"बापाचा अपमान केला. सगळ्या मंडळीदेखत."

"पहिल्यापासून सांग."

"पहिल्यापासून काय... तिनं फोटो टाकला. डोहाळजेवणाचा. हिरवं लुगडं, फुलांचे दागिने, झोपाळ्यावर बसलेली. आणि कपाळाला एवढं कुंकू."

"कशी दिसत होती?"

"काय?"

"लुदिया. कशी दिसत होती?"

"ते मी नाही पाहिलं. कुंकू पाहिलं."

"मला तुझ्याएवढं दिसत असतं तर मी तिचा चेहरा पाहिला असता," बाई म्हणाल्या. "पुढं."

"खाली संदर्भ लिहिला. परक्यांशी सोयरीक केली म्हणून लोकांना शासन झालं, तिथला. एक अक्षर जास्त नाही. खोटं नाही, शिवी नाही. देवाचं वचन लिहिलं मी, बाई. एकाहत्तर जणांनी आमेन म्हटलं."

"एकाहत्तर."

"मोजलेत मी."

मोजले होते, खरंच. त्या पानाचा त्यानं स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. संध्याकाळी दिवा लागला की तो उघडून बसे आणि नावं वाची. हेडमास्तर. पंच. पाळकांचा भाऊ. दुबईचा आतेभाऊ. एकाहत्तर माणसं. एवढी माणसं त्याच्या घरात एका वेळी कधी आली नव्हती, बायकोच्या मातीलासुद्धा.

बाई चिंचा फोडत राहिल्या.

गिदोनला ते सोसवेना.

"तुम्ही चाळीस वर्षं काय केलंत मग? वचनच सांगितलंत ना लोकांना? मी फोनवरून सांगतो, एवढाच फरक."

"मी चालत जायचे."

"त्यानं काय होतं?"

"सांगते ना. पारगावात एक बाई सवतीच्या पोरीला उपाशी ठेवते असं कानावर आलं. चांगलं झणझणीत वचन शोधलं तिच्यासाठी. निघाले. सहा मैल. पहिले दोन मैल मोठ्यानं घोकत गेले. चौथ्या मैलाला निम्मंच आठवेना. तिच्या दारात पोचले तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली. आधी पाणीच मागावं लागलं."

"दिलं तिनं?"

"तांब्या घासून हातात दिला. हातात, गिदोन. वरून ओंजळीत नाही ओतलं. त्या काळी, तसल्या घरात, आपल्यासारखीला."

"आणि वचन?"

"ते परतीच्या वाटेला आठवलं."

गिदोनला हे पटलं नाही. तो काळ वेगळा, असं तो पुटपुटला.

"काळ वेगळा," बाई म्हणाल्या. "तहान तीच आहे. बरं, लुदियानं अपमान केला तो कसा?"

"उलट उत्तर दिलं."

"वाच."

गिदोननं चष्मा लावला. फोन उन्हापासून आडवा धरला.

"'बाबा, उंट मोजून झाले का?' असं लिहिलंय. आणि पुढं दोन हसरी तोंडं काढलीत. बापानं वचन लिहावं आणि पोरीनं दात काढावेत."

बाईंच्या हातातली चिंच सुपात पडली.

"पुन्हा वाच."

"'बाबा, उंट मोजून झाले का?'"

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला.

"तुम्ही हसताय?"

"नाही. मग तू काय लिहिलंस?"

गिदोननं अंगठ्यानं पडदा वर सरकवला.

"गिदोन, काय लिहिलंस?"

"रागात लिहिलं ते."

"रागात लिहिलेलंच वाच."

त्यानं घसा साफ केला. दोनदा.

"'तुझी आई हे बघायला उरली नाही, ते बरं झालं.'"

देवळाच्या बाजूनं कुणाची तरी शेळी ओरडत होती, ती थांबली.

"अन् मग दार लागलं," बाई म्हणाल्या.

"होय."

"त्यालाही आमेन पडले?"

"चार."

बाईंनी सूप बाजूला सारलं. पदरानं हात पुसले, एकेक बोट.

"तू संदर्भ लिहिला होतास तो कुठला?"

"सांगितला ना. परक्यांशी सोयरीक. पाठ आहे मला, म्हणून दाखवू?"

"पाठ नको. फोनात आहे तो वाच."

गिदोननं वाचला. पुस्तकाचं नाव, अध्याय, ओवी.

"शास्त्र आहे ना हातात?"

"आहे."

"मग उपस."

आता ही एक जुनी कवायत होती. रविवारच्या शाळेत बाई पोरांना रांगेत उभं करत. शास्त्र काखेत धरलं की तलवार म्यानात. बाई म्हणत, 'उपसा,' की सगळी शास्त्रं डोक्यावर. मग बाई संदर्भ सांगत. ज्याला आधी सापडेल त्यानं एक पाऊल पुढं टाकून मोठ्यानं वाचायचं. गिदोन कधी हरला नाही. आणि पुढं त्यानं ती कवायत आपल्या घरात चालू ठेवली. ताटं वाढलेली असत, भाकरी निवत असे, आणि बाप संदर्भ सांगे. सापडेपर्यंत घास नाही. लुदियाला वाचता येऊ लागलं त्या वर्षी ती चाचपडे, रडे. सातव्या वर्षी ती बापाच्या आधी पान काढू लागली. संदर्भ कानावर पडला आणि तिनं उघडून पाहिला नाही, असं मग कधी झालंच नाही.

"उपस म्हटलं ना."

बासष्ट वर्षांच्या माणसाचा हात आपसूक वर गेला. फोन पायरीवर ठेवला, शास्त्र खाली घेतलं, पानं फडफडली. चार मोजायच्या आत बोट जागेवर.

"सापडलं."

"पाऊल पुढं. मोठ्यानं."

गिदोन एक पाऊल पुढं आला. सावलीत आला. शाळेतल्या खणखणीत आवाजात त्यानं सुरुवात केली.

बंदिवासातून परत आलेल्या लोकांबरोबर जनावरं किती होती, त्याची ती यादी होती. घोडे किती ते त्यानं वाचलं. खेचरं किती ते वाचलं. मग पुढची ओवी आली.

"उंट..." तो म्हणाला.

आणि थांबला.

"वाच की," बाई म्हणाल्या. "गाढवं राहिली."

गिदोननं पान उलटलं. परत मागं आणलं. फोन उचलून त्यातला आकडा पाहिला, पानावरचा पाहिला. बोट ओळीखालून फिरवलं.

"आकडे चुकले, बाई. पुस्तक तेच आहे. चष्मा नव्हता लावलेला... बोट दुसऱ्याच आकड्यावर पडलं."

"पडलं असेल."

"मला दुसरं म्हणायचं होतं."

"ते सगळ्यांना कळलं. शास्त्र न उघडताच कळलं."

"पण एकाहत्तर जणांनी..."

"उंटांना म्हटलं आमेन."

गिदोन नावं पुन्हा वाचू लागला. हेडमास्तर, तीस वर्षं शास्त्राचा तास घेणारे. पंच, दर रविवारी व्यासपीठावरून धडा वाचणारे. पाळकांचा भाऊ.

"एकानंही उघडलं नाही," तो म्हणाला.

"एकीनं उघडलं."

त्याच्या डोळ्यांपुढं आता तो फोटो आला. आधी शंभरदा पाहिला होता, पण त्यातला झोपाळा आता हलू लागला. बायका भोवती. कुणी ओटी भरतंय, कुणी नाव घ्यायला सांगतंय. सात महिन्यांचं पोट. तेवढ्यात फोन वाजला असेल. बापाचं नाव दिसलं असेल. आणि ती फुलांच्या दागिन्यांनिशी झोपाळ्यावरून उठली असेल, आत गेली असेल, कपाटातून शास्त्र काढलं असेल. उभ्यानंच पान काढलं असेल, चार मोजायच्या आत.

"शास्त्र नेलंय तिनं सासरी," गिदोन म्हणाला.

त्यानं बोट त्या पानातच ठेवलं.

"ती चिडली नव्हती."

त्यानं फोन पुन्हा डोळ्यांजवळ आणला.

"'बाबा' म्हणून सुरुवात केली होती तिनं. मी ते... मी पुढचंच वाचलं."

मग तो बसला. पायरीवर, फोन आणि शास्त्र शेजारी ठेवून.

बाईंनी हात पुढं केला. त्यांना त्याचं डोकं दिसत नव्हतं, हवेत जरा चाचपडल्यासारखं झालं, मग सापडलं. हात तिथं राहिला.

"ती कवायत मीच तुला शिकवली," त्या म्हणाल्या. "जिंकलास की लिमलेटची गोळी द्यायचे. घाई शिकवली मी तुम्हाला पोरांना. पान काढायची घाई."

"तुमचं काय चुकलं त्यात?"

"ते मी रोज विचारते. तू आपलं बघ."

गिदोननं नाक ओढलं, चष्मा पुसला आणि फोन उचलला. काही करायला मिळालं की त्याला बरं वाटे.

"मी आता माफी लिहितो. सगळ्यांसमोर. जसा अपमान सगळ्यांसमोर, तशी माफी सगळ्यांसमोर. क्षमेवरचं एखादं चांगलं वचन शोधतो आणि..."

"ती वाचेल?"

"तिनं तर ब्लॉक..."

"मग कोण वाचेल?"

गिदोननं फोन उलटा केला.

"आमेन किती पडतील?" बाईंनी विचारलं. "एकाहत्तरच्या वर जातील?"

त्यानं फोन खिशात घातला. खिशातून हात काढायला वेळ लावला.

"मग काय करू?"

"संगमनेरची गाडी कधी आहे?"

"सव्वाअकराला फाट्यावर येते."

"आता?"

"दहा होत आलेत."

"फाटा लांब नाही. चालत जा. रिक्षा करू नकोस."

"ती दार उघडणार नाही, बाई."

"नसेल उघडायचं."

"मग?"

"मग बाहेर बस."

"शेजारीपाजारी बघतील. जावई बघेल. विचारतील, हे कोण म्हणून."

"बघू देत. तिच्याकडं एकाहत्तर जण बघत होते, ती नाही का बसली?"

गिदोन उठला. सदरा खाली ओढला. दाढी वाढली होती, त्यावरून हात फिरवला. पोरीकडं निघालेल्या माणसासारखा तो अजिबात दिसत नव्हता. परीक्षेला निघाल्यासारखा दिसत होता.

"जाताना काही न्यावं लागेल," तो म्हणाला. "टोपडं, झबलं... पण मला ठाऊक नाही, मुलगा की..."

"तिथं कळेल."

"आणि उघडलंच तिनं, तर बोलू काय?"

"तिला बोलू दे."

"रागावली तर?"

"रागावू दे."

"तिनं आईचं काढलं तर?"

बाईंचा हात परत सुपाकडं गेला होता. तो मध्येच थांबला.

"तर ऐक. तुझ्या घरात त्या बाईचं नाव चार वर्षांत कुणी काढलंय का?"

"नाही."

"मग ऐक."

उन्हात गिदोनच्या पायाखाली चिंचेच्या टरफलांचा चुरा झाला. चार पावलं गेला आणि परत आला. घाईघाईनं आला. पायरीवरचं शास्त्र उचललं, धूळ झटकली, छातीशी धरलं. ते हातात घेतल्याशिवाय तो कधी आवाराबाहेर पडला नव्हता.

बाईंनी पानांचा आवाज ओळखला.

"ते इथं ठेव."

"शास्त्र ठेवू? तुम्ही सांगताय, बाई?"

"ठेव."

"का?"

राहेलबाईंनी चिंच फोडली.

"दोन्ही हात मोकळे लागतील."